चौथ्या मजल्याचे चार मीटर: प्रकल्प नोंदी

रविवार, ५ जानेवारी २०२५. विलेपार्ले पूर्व

सोसायटीच्या मीटिंगमध्ये आज पुन्हा तोच विषय निघाला. चौथ्या मजल्यावर सकाळी पाणी नाही. अगदीच नाही असं नाही, करंगळीएवढी धार असते, आणि साडेसातनंतर नळ फुरफुरायला लागतो. समोरच्या आजी पहाटे पाचला उठून हंडे, कळशी, पिंप सगळं भरून ठेवतात. त्र्याऐंशी वर्षांच्या आहेत. तळमजल्यावर मात्र नळ जरा जास्त सोडला की भांडं हातातून निसटतं, इतका जोर.

कमिटीने बूस्टर पंपाचं कोटेशन मागवलं होतं. मी हात वर केला. दिवसभर ऑफिसात पाईपिंगचीच ड्रॉइंग्ज करते, मग घरच्या पाईपाबद्दल गप्प कशी बसू? म्हटलं, गच्चीवर टाकी भरलेली असते, टाकी आणि नळ यांच्यात उंची आहे, मग ती उंची वाटेत कुठे खर्च होते ते आधी मोजू. सेक्रेटरी काका म्हणाले, "मोज बाई, पण दोन महिन्यांच्या आत सांग." म्हणून ही वही.

रविवार, १२ जानेवारी

उंच्या मोजल्या. इमारत १९७४ ची, तळमजला अधिक चार. टाकीचा तळ गच्चीपासून १.२ मीटर वर. आज टाकीत पाणी ९० सेंटिमीटर. आमच्या स्वयंपाकघरातला नळ गच्चीच्या पातळीखाली १.९ मीटर. बेरीज: ४.० मीटर. चौथ्या मजल्याची एवढीच कमाई. खालच्या प्रत्येक मजल्याला त्यात तीन-तीन मीटरची भर, म्हणजे तळमजल्याला १६ मीटर.

नळापाशी पाण्याला किती जोर मिळणार, ते या उंचीवर ठरतं. आम्ही तिला हेड म्हणतो, मराठी पुस्तकांत शीर्ष. चार मीटर म्हणजे साधारण ०.४ बार दाब. कमीच, पण भांडी घासायला पुरेसं.

रात्री साडेअकराला, सगळे नळ बंद असताना, आमच्या नळाखाली १० लिटरची बादली भरली: ७५ सेकंद. सोमवारपासून सकाळी मोजायचं.

मंगळवार, १४ जानेवारी, संक्रांत

सकाळी ७.४० ला तीच बादली: १५२ सेकंद. बरोबर दुप्पट वेळ. टाकी रात्रीइतकीच भरलेली होती, म्हणजे उंची तीच, मग अर्धं पाणी अडलं कुठे?

आजींना तिळगूळ द्यायला गेले तेव्हा त्यांनी स्वतःहून नळ सोडून दाखवला. आधी फुर्र, मग थोडं पाणी, मग पुन्हा फुर्र. हवा येते कुठून, हा प्रश्न वहीत लिहून ठेवते.

रविवार, १९ जानेवारी

आजचा दिवस गच्चीवर गेला. स्वयंपाकघरांच्या रांगेला टाकीतून एक स्वतंत्र पाईप उतरतो. प्लंबर त्याला डाऊनटेक म्हणतात. सव्वा इंची जीआय, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी. टाकीच्या बुडातून निघतो, गेट व्हॉल्व्हमधून जातो, गच्चीवरून आडवा पाच मीटर धावतो आणि कठड्यावरून खाली वळतो. व्हॉल्व्हच्या पुढे लगेच एक बारीक उभा पाईप आहे, टाकीपेक्षा उंच, तोंड उघडं. हवेचा पाईप. गच्चीवर येणारा प्रत्येकजण त्याला वळसा घालून जातो, कपडे वाळत घालताना दोरीही त्यालाच बांधतात.

याच पाईपाने माझं काम सोपं केलं. उघड्या तोंडाच्या उभ्या पाईपात पाणी जितकं चढतं, तितकंच त्या जागचं हेड. प्रयोगशाळेत यासाठी काचेच्या नळ्या लावाव्या लागतात, इथे पन्नास वर्षं तयार उभी आहे. स्टीलच्या टेपला खडू घासला आणि टेप आत सोडला. वर ओढल्यावर खडू जिथे ओला झालेला दिसतो, तिथे पाणी. विहिरीचं पाणी मोजायची ही जुनी रीत.

नळ बंद असताना हवेच्या पाईपात पाणी टाकीच्या बरोबरीने. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यावर नळ सोडायला लावले, पाणी खाली सरकलं. पहिले तीन आकडे खोडून टाकले आहेत, कारण मधेच मोटर सुरू झाली आणि टाकीच भरायला लागली. पुढच्या वेळी वॉचमन दादांना आधी सांगायचं.

दुसरं साधन गवंड्यांची लेव्हलची नळी. पारदर्शक, पाच मीटर. एक टोक आमच्या नळाच्या तोंडाला क्लॅम्पने घट्ट बसवायचं, दुसरं बाल्कनीतून वर गच्चीकडे धरायचं, आणि नळ उघडायचा. नळीतून पाणी वाहून जात नाही, त्यामुळे आमच्या घरातल्या पाईपात काही खर्च होत नाही. नळीत दिसते ती डाऊनटेकमधल्या, आमच्या फाट्याजवळच्या पाण्याची पातळी. आईने नळी धरली, मी टेप.

रविवार, २६ जानेवारी

झेंडावंदनानंतर सगळे घरीच होते, म्हणून आजचा दिवस ठरवला होता. चारही खालच्या घरांत एक बादली, एक माणूस, एक मोबाइलचं स्टॉपवॉच. मोटर बंद, टाकीत ९० सेंटिमीटर. पावणेदहाला जिन्यातून हाक मारली आणि चार नळ एकदम सोडले.

१० लिटरला लागलेला वेळ: तिसरा मजला ८० सेकंद, दुसरा ६४, पहिला ५५, तळमजला ५०. मिनिटाला लिटर केले तर ७.५, ९.४, १०.९ आणि १२. एकूण ४० लिटर, आमचा नळ बंद धरून.

हवेच्या पाईपात पाणी टाकीच्या पातळीपेक्षा १.५० मीटर खाली. आमच्या नळीत पाणी नळाच्या वर फक्त १.० मीटर. म्हणजे चारातले तीन मीटर आमच्या घरात शिरायच्या आधीच संपले: दीड मीटर टाकी ते हवेचा पाईप, दीड मीटर तिथून आमच्या फाट्यापर्यंत. मग आमचाही नळ सोडला, बादलीला १५५ सेकंद.

ही सगळी गोष्ट याच आकड्यात आहे. तीन मीटर सगळ्यांचेच गेले. तळमजल्याच्या १६ मधून तीन गेले तर तिथल्या माणसाला जाणवतही नाही. आमच्या चारातून तीन गेले की नळ रडतो. नुकसान सगळ्यांच्या सामाईक वाटेत होतं आणि भरपाई वरच्या मजल्याने करायची.

तपासणी म्हणून दोनच नळ सोडून एकूण २० लिटर मिनिटाला केलं. हवेच्या पाईपातली घट ३८ सेंटिमीटर. प्रवाह अर्धा, नुकसान चौथा हिस्सा. पाणी खळबळत वाहत असलं की नुकसान वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं, तेच गच्चीवर टेपने दिसलं. मला आज खरंच आनंद झाला.

आणि फुरफुरीचंही उत्तर मिळालं. आडवा पाईप गच्चीपासून ३० सेंटिमीटर उंचीवर. कठड्याशी पोहोचेपर्यंत हेडची रेषा त्या पाईपाच्याही खाली उतरते. म्हणजे पाईपाच्या आत बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब. पन्नास वर्षांचे सॉकेट, आटे गंजलेले. पाणी बाहेर गळत नाही, पण हवा आत ओढली जाते. ती आजींच्या नळातून बाहेर येते. सांध्यातून हवा शिरते तिथून घाणही शिरू शकते, ही गोष्ट मीटिंगमध्ये सगळ्यात आधी सांगायची.

बुधवार, २९ जानेवारी

रात्री हिशेब. मूळ सूत्र साधं आहे: घर्षणगुणांक घ्या, त्याला पाईपाच्या लांबीने गुणा, व्यासाने भागा, आणि वेगाच्या हेडने गुणा. वेगाचं हेड म्हणजे वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वत्वरणाची दुप्पट. सूत्राला दार्सी आणि वाइसबाख यांचं नाव आहे. वाइसबाख सॅक्सनीतल्या फ्रायबर्गचे, त्यांनी १८४५ मध्ये ते मांडलं. आँरी दार्सींनी फ्रान्समधल्या आपल्या दिजाँ शहराला पाणी आणलं आणि मग वेगवेगळ्या पाईपांवर शेकडो मोजण्या केल्या, त्या १८५७ मध्ये छापल्या. पाईपाचा आतला खरखरीतपणा मोजायलाच हवा, हे त्या मोजण्यांनी पक्कं केलं. गुणांक काढायला आमच्या ऑफिसात मूडीचा १९४४ चा तक्ता भिंतीवर लावलेला आहे, किंवा स्वामी आणि जैन यांचं १९७६ चं सूत्र, जे कॅलक्युलेटरवर एका दमात होतं. ते भारतात बसून लिहिलेलं सूत्र आहे, हे नव्या मुलांना मी आवर्जून सांगते.

सव्वा इंची जीआयचा आतला व्यास नवा असताना ३६ मिलिमीटर. तो धरून हिशेब केला तर नुकसान जुळतच नाही, फारच कमी येतं. गंजाने व्यास २८ झाला असं धरलं आणि आतली भिंत दीड मिलिमीटर खडबडीत धरली, तर गुणांक ०.०७४ येतो, नव्या पाईपाच्या दुपटीहून जास्त. मिनिटाला ४० लिटरला वेग सेकंदाला १.०८ मीटर, वेगाचं हेड ६ सेंटिमीटर. हवेचा पाईप ते आमचा फाटा ७.२ मीटर: घर्षणात १.१४ मीटर. वाटेत चार एल्बो, म्हणजे काटकोनी वळणं, आट्यांच्या एल्बोला प्रत्येकी दीड वेगहेड, म्हणजे ३६ सेंटिमीटर. बेरीज १.५०. मोजलं तेही १.५०. व्यास मी मोजणीवरूनच बेतला आहे, त्यामुळे हे जुळणं म्हणजे पुरावा नव्हे. पाईप कापला की कळेल.

टाकी ते हवेचा पाईप मात्र दीड मीटरच लांब. तिथे घर्षण २४ सेंटिमीटर, दोन एल्बो १८, टाकीतून पाईपात शिरण्याचे ५. हे मिळून ४७. उरलेले १.०३ मीटर कुणाचे? मधे एकच वस्तू आहे, तो गेट व्हॉल्व्ह. १.०३ मीटर म्हणजे १७ वेगहेड. पूर्ण उघड्या गेट व्हॉल्व्हला ०.१५ ते ०.२ लागतात. १७ हा आकडा पुस्तकात तीन चतुर्थांश बंद गेट व्हॉल्व्हसमोर दिलेला आहे.

चाक तर पूर्ण उघडं आहे, मी स्वतः फिरवून पाहिलं. तरी माझा संशय त्याच्यावरच.

रविवार, २ फेब्रुवारी

व्हॉल्व्ह खोलला. आमचे प्लंबर दादा माझ्या कागदाकडे बघत म्हणाले, "ताई, हे गणित राहू दे, चाक फिरतंय ना, मग व्हॉल्व्ह चांगला." बॉनेट, म्हणजे व्हॉल्व्हचं झाकण, काढलं आणि आम्ही दोघं गप्प झालो. चाकाचा दांडा, म्हणजे स्पिंडल, वर आलेला, आणि पाणी अडवणारी पितळी पाचर खाली, आपल्या खाचेतच अडकलेली. स्पिंडलला पाचर धरून ठेवणारी कड झिजून तुटली होती. चाक फिरायचं, स्पिंडल चढायचा-उतरायचा, पाचर जागची हलायची नाही. तिच्या खालच्या बाजूला चंद्रकोरीएवढी फट होती, तेवढ्यातून पाच घरांचं पाणी.

दादांनी पाचर तळहातावर घेऊन उलटी-पालटी केली, कडेवरून अंगठा फिरवला. एक बाजू नुकती घासल्यासारखी लखलखीत, दुसरी हिरवट. म्हणाले, "किती वर्षं अशी असेल कोण जाणे. ताई, बाकीचं पण तपासू."

मग आडव्या पाईपाचा हातभर तुकडा कापला. हॅकसॉने कापताना आतून विटकरी रंगाचा चिखल गळत होता. तुकडा उन्हात धरून आरपार पाहिलं. भोक गोल उरलेलंच नव्हतं. भिंतीवर गंजाच्या गाठी, एकावर एक, काही मसुराएवढ्या, काही बोराएवढ्या, वरून तांबूस, नखाने खरवडलं की आत काळ्या. जिथे सगळ्यात बरं होतं तिथे कॅलिपरने ३०, जिथे वाईट तिथे २६. माझे २८ हवेत नव्हते, हे बघून जीव भांड्यात पडला.

प्रवाह तोच ठेवला तर व्यास घटताना नुकसान त्याच्या पाचव्या घाताने वाढतं. ३६ चा २८ झाला, व्यास जेमतेम पाव हिश्श्याने घटला, आणि नुकसान साडेतीन पट, खडबडीतपणाचं वेगळंच. अर्धी इमारत आज गच्चीवर तो तुकडा बघून गेली. आकड्यांनी जे पटलं नसतं ते त्याने पटवलं.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

मीटिंग. पंप पुढे ढकलला, पाईप बदलायला मंजुरी. पंप घेतला असता तर त्याने बंद पाचरीतूनच पाणी ओढलं असतं, आणि ओढताना पाईपात दाब आणखी कमी झाला असता.

वीज वाचेल का, असं पहिल्या मजल्यावरच्या काकांनी विचारलं. खरं ते सांगितलं: नगण्य. एका लिटरने तीन मीटर गमावले म्हणजे २९ ज्यूल. ते उष्णता होऊन पाण्यातच राहतात, पाणी ०.००७ अंशाने तापतं. पंपाची कार्यक्षमता बाजूला ठेवली तर एका युनिटमध्ये १,२२,००० लिटर पाणी तीन मीटर चढतं. हा प्रश्न विजेच्या बिलाचा नाही. चौथ्या मजल्याच्या वाट्याला काय उरतं, त्याचा आहे.

शहराचंही पाणी असंच येतं. तानसाचं पाणी १८९२ पासून, पुढे वैतरणा, भातसा. धरणं उंचावर, मुंबई खाली, आणि मधल्या उंचीवर पाणी बरीचशी वाट आपल्या वजनाने चालतं. एवढ्या लांबवर व्यास आणि आतला गुळगुळीतपणा यांवरच सगळं ठरतं. भिवंडीजवळच्या गुंदवलीपासून भांडुपच्या जलशुद्धीकरण संकुलापर्यंत तर खडकातून मोठ्या व्यासाचा बोगदा खणला आहे. आमच्या गच्चीवरचा पाच मीटरचा आडवा पाईप त्याच प्रवासाचं शेपूट, आणि शेवटच्या शेपटाला आम्ही पन्नास वर्षं हात लावला नव्हता.

रविवार, ९ फेब्रुवारी

काम. टाकीपासून आमच्या फाट्यापर्यंत सगळा दीड इंची यूपीव्हीसी, म्हणजे कडक प्लास्टिकचा, आतला व्यास ४०. सव्वा इंची नवा घातला असता तरी आज भागलं असतं, पण उद्या घराघरांतले पाईप बदलले की मागणी वाढेल, म्हणून एक माप वर.

व्हॉल्व्हने अर्धा दिवस खाल्ला. दुकानातून दीड इंची बॉल व्हॉल्व्ह आणला होता. बसवायच्या आधी दादांनी सवयीने डोळ्याला लावून आरपार पाहिलं आणि माझ्याकडे दिला. बाहेरून दीड इंची, आतल्या बॉलचं भोक २५ मिलिमीटर. दुकानदाराने "सगळे असेच येतात" म्हणून सांगितलं होतं. तसं नाही, पूर्ण भोकाचेही मिळतात, विचारून घ्यावे लागतात. हिशेब केला: ते भोक एकटं ९ सेंटिमीटर खातं. ऐकायला थोडं, पण नव्या सगळ्या वाटेचं मिळून नुकसान ३० च्या आसपास यायचं होतं, त्यात एका व्हॉल्व्हला इतके का द्यायचे? परत केला, पूर्ण भोकाचा आणला.

टाकीच्या आत पाईपाचं टोक पाच सेंटिमीटर वर आलेलं आहे. शिरतानाचं नुकसान त्याने थोडं वाढतं, कापून टाकावं असं पुस्तक म्हणेल. मी ठेवलं. तळाशी बसलेला गाळ त्या पाच सेंटिमीटरमुळे पाईपात जात नाही, आणि त्याची किंमत एक-दोन सेंटिमीटर हेड. जिथे जागा होती तिथे एल्बोऐवजी लांब बेंड घातले. उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होतं म्हणून पांढरा रंग दिला. हवेचा पाईप पुन्हा उभा केला, या वेळी कपड्यांची दोरी दुसरीकडे.

रविवार, १६ फेब्रुवारी

२६ जानेवारीची परीक्षा पुन्हा. टाकीत पाणी मुद्दाम तेवढंच, ९०. खालचे चार नळ सोडले.

हवेच्या पाईपातली घट ११ सेंटिमीटर. माझा अंदाज ९ होता. आमच्या लेव्हलच्या नळीत पाणी नळाच्या वर ३.६ मीटर. नळी धरायला आईला खुर्चीवर चढावं लागलं, कारण नळी कमी पडली. आमचाही नळ सोडून बादली: ८१ सेकंद. खालच्या घरांचंही पाणी थोडं वाढलं, त्यामुळे आमच्यासकट पाचही नळांचं मिळून मिनिटाला ५३ लिटर झाले.

फुरफुर बंद. आजींकडे नऊ वाजता जाऊन पाहिलं, धार अखंड. त्या काही बोलल्या नाहीत, नळाखाली हात धरून उभ्या राहिल्या.

रविवार, २३ फेब्रुवारी

आता घरातला पाईप. सामाईक वाट मोकळी झाली, तरी ८१ सेकंदांची धार म्हणजे काही जास्त नाही, उरलेले साडेतीन मीटर घरातच जातात. आमचा अर्धा इंची जीआय कापला. नव्याचं भोक १६ मिलिमीटर, आमच्याकडे उरलेलं ९. पाचव्या घाताने जवळजवळ १८ पट. पाऊण इंची सीपीव्हीसी, हाही प्लास्टिकचाच, घातला, एल्बो अकराचे सहा केले. बादली ३८ सेकंदांत. आता सगळ्यात मोठं नुकसान नळाच्या आतल्या वॉशरपाशी, ते तिथे असायलाच हवं, नाहीतर नळ हवाच कशाला.

पाचही घरांनी असं केलं तर मिनिटाला ८५ लिटरपर्यंत जाईल. सामाईक वाटेचं नुकसान तेव्हा आजच्या अडीच पटीच्या आसपास. चालेल.

आजींचा पाईप पुढच्या रविवारी. पाऊण इंचीच घ्यायचा, ओट्यामागून न नेता भिंतीवरून सरळ, म्हणजे चार एल्बो वाचतील. तोडफोडीची धूळ त्यांना सोसत नाही, तेव्हा त्या दिवशी त्यांनी आमच्याकडे जेवायला यायचं ठरलं आहे.